गॅस ग्रिल उघड्यावर ठेवायचं तर कुठे? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गॅस ग्रिलबद्दल विचारणारे बहुतेक जण बर्नर किती, जाळी बिडाची की स्टीलची, झाकणावरचा तापमापक बरोबर दाखवतो का, हेच विचारतात. ऊन, पाऊस, थंडी, वारा सगळ्यात वापरून झाल्यावर माझं मत असं झालंय की ग्रिल कुठलंही घ्या, ते उभं कुठे करता याला सर्वांत जास्त महत्त्व आहे. त्यामुळे इथे यंत्राबद्दल कमी आणि जागेबद्दल जास्त लिहिते आहे.

घरामागे तीन जागा होत्या: दारालगतची पडवी, झाडाखालची सावली आणि भिंतीपासून लांबचा उघडा फरशीचा तुकडा. सोयीची अर्थातच पडवी. पाऊस लागत नाही, स्वयंपाकघर दोन पावलांवर. पण ग्रिलसोबतच्या पुस्तिकेत छपराखाली वापरायला सरळ मनाई होती, आणि त्यामागचं कारण वापरताना पुरेपूर पटलं. झाकण उघडलं की उष्णतेचा लोट थेट वर जातो. चरबी पेटली तर जाळही तसाच वर उठतो. वर लाकडी वासे किंवा पीव्हीसीचं छत असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. पीव्हीसी ७० ते ८० अंश सेल्सियसलाच मऊ पडू लागतं. शिवाय कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला ना रंग ना वास.

म्हणून फरशीचा तुकडा निवडला. भिंत, कुंपण, वळचण, फांद्या या सगळ्यांपासून ३ मीटर, म्हणजे १० फूट अंतर ठेवलं. काही पुस्तिकांत याहून कमी अंतर चालतं असं लिहिलेलं असतं. दोन आकडे समोर आले तर मोठा धरावा, असं मला ठामपणे वाटतं.

जागा ठरवताना मी सर्वांत जास्त विचार केला तो गळतीचा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो; प्रोपेन साधारण दीडपट, ब्युटेन दुप्पट. गळला तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचतो. गटाराची जाळी, तळघराची खिडकी, पायऱ्यांखालची पोकळी, सगळीकडे शिरतो. हवेत त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेलं तरी ठिणगी पुरते. फरशीचा उतार कुठे आहे हे मी बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी मोकळ्या मातीकडे गेलं, घराकडे नाही, तेव्हाच जागा पक्की केली. तिन्ही बाजूंनी भिंती असलेला कोपरा दिसायला छान आडोशाचा असतो, पण गळलेला गॅस तिथेच रेंगाळतो.

आता वारा. याचा अंदाज दुकानात येत नाही, महिनोन्‌महिने वापरूनच येतो. माझ्या ग्रिलच्या गरम हवेच्या फटी मागच्या बाजूला आहेत. वारा पाठीमागून आला की तीच हवा पुढे ढकलली जाते आणि गॅसच्या चाव्या, त्यांच्यामागच्या नळ्या तापतात. झाकण बंद असताना एखादा बर्नर विझला तर तेही पटकन कळत नाही, आणि गॅस मात्र चालू राहतो. म्हणून पेटवण्याआधी मी वाऱ्याची दिशा बघते आणि ग्रिल असं फिरवते की वारा मागच्या फटींत शिरणार नाही. पेटल्यावर मात्र ते अजिबात हलवायचं नाही. सोसाट्याचा वारा असेल तर बेत रद्द. पत्रे लावून आडोसा करण्याचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मी तो मानला नाही, कारण त्या आडोशात उष्णता कोंडून सिलिंडरच तापेल.

झाड नाकारलं ते केवळ फांद्यांमुळे नाही. वाळलेली पानं चरबीच्या ताटलीत पडतात. आणि बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळं करतात, हे तर कुठल्याही ग्रिलमध्ये होतं. जाळ्याने वाट अडली की ज्योत नळीत उलटी फिरू शकते. ग्रिल बरेच दिवस बंद होतं की मी नळ्या साफ केल्याशिवाय पेटवत नाही.

जमीन सपाट हवी, नाहीतर चरबी ताटलीत न जाता एका कडेला साचते. चाकांना कुलूप हवं. नळी तापलेल्या भागाला टेकता कामा नये, आणि येण्याजाण्याच्या वाटेत तर अजिबात नको. सिलिंडरची चावी जाळावर न वाकता हाताला लागली पाहिजे; ही गोष्ट ग्रिल उभं करताना स्वतः करून बघा. भरलेला जादा सिलिंडर ग्रिलखाली ठेवू नका. सिलिंडर बदलला की मी सांध्यांना साबणाचं पाणी लावते. बुडबुडे आले तर पेटवायचं नाही. मुलं आणि पाळीव प्राणी यांच्यासाठी भोवती किमान १ मीटरची हद्द आखलेली आहे, आणि ती मोडणाऱ्याला मी लगेच टोकते.

या जागेचा त्रास आहे, तो सांगायला हवा. स्वयंपाकघरापासून लांब पडतं, म्हणून सगळं सामान आधीच बाहेर मांडावं लागतं. जाळ सोडून आत जाणं मी पूर्ण बंद केलंय. पाऊस आला की भाजणं थांबतं. ग्रिल पूर्ण थंड होईपर्यंत कव्हर घालता येत नाही. अंधारात ज्योत दिसते पण चाव्या दिसत नाहीत, म्हणून एक दिवा लावून घेतला. तरीही हीच जागा मी पुन्हा निवडेन.

ज्यांच्याकडे फक्त बाल्कनी आहे त्यांनी गॅस ग्रिल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वर दुसऱ्याची बाल्कनी, मागे काचेचं दार, बाहेर पडायची वाट एकच. तिथे विजेवरचं ग्रिल घ्या, तेही इमारतीच्या नियमांत बसत असेल तरच.