हाताने लिहिलेलं पान की तयार थीम?

आईच्या वहीतली कानबाई देवीची अहिराणी गाणी नेटवर ठेवायची ठरवल्यावर मी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. आधी तयार थीम, म्हणजे साइटचा आयता साचा घेतला, मग स्वतः लिहिलेलं एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा मूळ कोड. धुळे-जळगावकडे कुणी आपल्या अहिराणी कविता किंवा गावाची माहिती मांडायच्या विचारात असेल, तर त्यांच्यासाठी हा अनुभव.

थीमवर दुपारभरात साइट उभी राहते आणि मोबाइलवरही नीट दिसते. नवं गाणं चढवायला पाच मिनिटं पुरतात. पण मुखपृष्ठ डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमधून, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनातून तपासलं आणि चुकांची रांगच लागली. माझी चूक एकच होती, फोटोंना पर्यायी मजकूर (फोटो न दिसणाऱ्यासाठी वर्णन) दिला नव्हता. बाकी सगळं थीमचं आणि प्लगइनचं (वरून जोडलेल्या सोयींचं): एकच आयडी, म्हणजे घटकाची ओळख, दोनदा, बटणाच्या पोटात लिंक. थीमच्या फाइलीत शिरून मी ते सुधारलं, तर पुढच्या अपडेटने सगळं पुसून टाकलं. याचा मला खरंच राग आला. चाइल्ड थीम, म्हणजे आपले बदल मूळ थीमपासून वेगळे ठेवणं, हा त्यावरचा उपाय, पण तेवढं शिकायचं तर सरळ एचटीएमएलच शिकलेलं बरं.

हाताने लिहिताना चूक आपली असते आणि दुरुस्तीही आपल्याच हातात राहते. एक डिव्ह (पानाचा भाग बांधणारा टॅग, म्हणजे कोडमधली खूण) बंद करायचा राहिला की व्हॅलिडेटर खाली आणखी चार ठिकाणी ओरडतो. म्हणून पहिली चूक काढा आणि पुन्हा तपासा, बऱ्याच आपोआप जातात. जुन्या पुस्तकातले सेंटर आणि फॉन्ट हे टॅग आता बाद आहेत. २००० सालच्या एक्सएचटीएमएल १.० या एचटीएमएलच्या कडक रूपात ओळ तोडणाऱ्या बीआर टॅगला शेवटी तिरकी रेघ लागायची, आज व्हॅलिडेटर म्हणतो तिचा काही उपयोग नाही. ती नुसती सूचना आहे, तिच्यापायी रात्र घालवू नका.

खरा फरक मला भाषेत जाणवला. माझ्या मामांना दिसत नाही, ते एनव्हीडीए या पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ऐकतात. थीमने पानाची भाषा इंग्रजी नोंदवली होती, त्यामुळे मराठी ओळींवर आवाज अडखळायचा. पानाची भाषा सांगणाऱ्या लँग या नोंदीत 'एमआर' (मराठी) लिहिलं आणि वाचन सुरळीत झालं. अहिराणीला स्वतःचा कोड आहे, 'एएचआर'. गाण्यांना मी तोच लावला. अहिराणी आवाज मामांकडे नाही, गाणी मराठी आवाजातच वाचली जातात. तरी कोड बदलणार नाही, ती गाणी अहिराणीच आहेत.

काही दोष व्हॅलिडेटरला दिसतच नाहीत. शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते, ओळींमधलं कमी केलं की वेलांट्या नि उकार एकमेकांत घुसतात. फिकट राखाडी अक्षरं जळगावच्या उन्हात मोबाइलवर वाचता येत नाहीत. साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमीत निदान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक) हवा, असं डब्ल्यूसीएजी या वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमांची एए पातळी सांगते.

आठवड्याला नवा मजकूर येणार असेल, चार जण लिहिणार असतील, तर थीमच घ्या. पानं तीस-चाळीस, बहुतेक नुसता मजकूर, आणि वर्षात दोनदाच बदल होणार असेल तर हाताने लिहा. मी तेच ठेवलं आहे. थीम घेणार असाल तर आधी तिच्या नमुना पानाचा पत्ता व्हॅलिडेटरमध्ये टाका, आणि त्या नमुना पानात मराठीचा एक परिच्छेद चिकटवून पाहा.