उन्हाळ कांदा: उळं घरी टाकावं की रोप तयार घ्यावं?

सोयाबीन निघालं, मका सोंगून झाली की नाशिकच्या निफाड-चांदवड पट्ट्यात दरवर्षी हा विषय निघतो. यंदा उळं, म्हणजे कांद्याचं बी, टाकून रोप घरी करायचं, की डिसेंबरात रोप विकत आणून लावायचं आणि मोकळं व्हायचं? मी दोन्ही करून पाहिलंय, दोन्हीचा कांदा साठवणीच्या चाळीत भरलाय. गादीवाफा किती रुंद करायचा, बी किती खोल टाकायचं, हे इथे सांगत बसत नाही. ज्याला कांदा करायचाय त्याला ते ठाऊक असतं. प्रश्न फक्त निवडीचा आहे.

तयार रोपाची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. ज्याच्याकडे द्राक्षबाग आहे त्याचा ऑक्टोबर म्हणजे छाटणी, काड्यांना पेस्ट लावणं आणि फवारण्या. त्याला कांद्याच्या वाफ्याकडे बघायला सवड कुठून मिळणार? एकराला पाचेक गुंठ्यांची रोपवाटिका लागते आणि ती दीड-दोन महिने अडकून पडते. शिवाय परतीच्या पावसाचा भरवसा राहिलेला नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबता थांबत नव्हता, टाकलेलं उळं वाफ्यातच सडलं. पुढच्या वर्षी तर बियाण्याचीच इतकी चणचण झाली, की २०२० च्या ऑक्टोबरात केंद्राला कांदा बियाण्याची निर्यात थांबवावी लागली. अशा सालात रोप विकत घेणारा निदान बियाण्याच्या आणि पावसाच्या जोखमीतून सुटतो. रोप उभं आहे, डोळ्यांनी दिसतंय, पैसे मोजा आणि घेऊन या.

पण सुटतो म्हणजे पूर्ण सुटत नाही. पावसाने सगळीकडची रोपं बसली की उरलेल्या रोपाचा भाव चढतो आणि तो नेमका सगळ्यांची लावणी तोंडावर आल्यावर चढतो. उलट, पाऊस वेळेवर उघडला आणि सगळ्यांचं उळं नीट उगवून आलं, तर जानेवारीत उरलेल्या रोपाला कुणी विचारत नाही, बांधावरचा शेजारी फुकट नेतो. म्हणून खर्चाच्या हिशेबावर मी हा निकाल लावणार नाही. एक साल इकडे झुकतं, एक तिकडे.

वाणाची गोष्ट मात्र गंभीर आहे. उन्हाळ कांदा आपण टिकवण्यासाठी करतो. एप्रिलात काढायचा आणि भाव बघत दसरा-दिवाळीपर्यंत चाळीत ठेवायचा. त्यासाठी एन-२-४-१ असो, भीमा शक्ती असो की अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड, वाण रब्बीचंच हवं. लाल कांद्याच्या, म्हणजे खरिपाच्या वाणाचं रोप त्यात मिसळलं असेल तर ते वाफ्यात ओळखू येत नाही. पात सारखीच हिरवी. कळतं ते जुलैत, चाळीतून वास यायला लागतो आणि मोड आलेला कांदा निवडायला बसावं लागतं तेव्हा. रोप विकणारा खोटं बोलतो असं मला म्हणायचं नाही. बऱ्याचदा त्यालाही नक्की माहीत नसतं, कारण त्याने बी आणखी कुणाकडून घेतलेलं असतं.

तरीही, खरं सांगायचं तर माझा कौल वाणावरून ठरला नाही. ओळखीच्या माणसाकडून रोप घेतलं तर वाणाची खात्री करता येते. कौल ठरला तो टोळीवरून, म्हणजे लावणीच्या मजुरांवरून.

कांदा लावणीच्या दिवशी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: रोप, टोळी आणि लाइट. टोळी पेठ-सुरगाण्याकडची असो की गावातली, डिसेंबर-जानेवारीत तिच्यामागे दहा शेतकरी असतात. मुकादम मंगळवार सांगतो आणि गुरुवारी येतो. त्याचाही इलाज नसतो, आधीच्या शेतातलं काम लांबलेलं असतं. लाइटचं वेळापत्रक आठवड्याला बदलतं, दिवसाची पाळी संपून रात्रीची लागते आणि वाफे भिजवायचे तर पाणी हवंच. या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तयार रोप विकत आणलं की तिसरीही हातातून जाते. ते उपटून जुड्या बांधून पिकअपमध्ये भरून आलं की घड्याळ सुरू झालं. पहिल्या दिवशी ताजं दिसतं. दुसऱ्या दिवशी जुडीच्या मधोमध हात घातला तर उबारा लागतो, आतली पात पिवळी पडायला लागलेली असते, मुळांची पांढरी टोकं तपकिरी होऊन चिकटलेली असतात. सावलीत उभं करा, ओलं गोणपाट टाका, सगळं करा. थोडी मुदत मिळते, इतकंच. आणि टोळीचा मुकादम फोनवर म्हणतो, "भाऊ, परवा नक्की."

असं रोप लावलं तर ते मरतंच असं नाही. पण आंबवणीचं, म्हणजे लावणीनंतरचं दुसरं हलकं पाणी देऊनही मान वर काढायला वेळ घेतं, नांगे पडतात, म्हणजे मधली रोपं जाऊन जागा रिकाम्या राहतात, त्या भरायला पुन्हा माणसं लावा. नांगे भरलेली रोपं मागे राहतात आणि काढणीला निम्मी पिकून माना पडलेली, निम्मी हिरवी उभी असं शेत होतं. मग काढायचं कधी? लवकर काढलं तर हिरव्या मानेचा कांदा चाळीत टिकत नाही, थांबलं तर पिकलेल्याची साल जाते.

घरचं रोप वाफ्यात उभं असतं. टोळी आज नाही आली, उद्या येऊ दे. आदल्या दिवशी वाफ्याला हलकं पाणी द्यायचं, सकाळी दिवसभरात लावून होईल तेवढंच उपटायचं, शेंड्याची थोडी पात छाटायची, मुळं बुरशीनाशकात बुडवायची आणि तासाभरात रोप जमिनीत. मी उळंही आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत टाकतो. त्यामुळे टोळी लांबली तरी सगळं रोप एकदम जून होत नाही. जून, जाड रोपाला थंडी लागली की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, निघतात, आणि आपल्या निफाडची थंडी कशी असते ते वेगळं सांगायला नको. विकतच्या रोपाचं खरं वय विकणाऱ्यालाच ठाऊक, तेही तो अंदाजे सांगतो.

घरच्या रोपाला त्रास नाही असं नाही. पहिले पंधरा-वीस दिवस मर रोगाची धास्ती असते. वाफ्यात पाणी साचलं की रोप बुडाशी काळं पडून गोलच्या गोल आडवं होतं. बीजप्रक्रिया आणि शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळण्याचा मला गुण आला, पण पाण्याचा हात आखडता ठेवण्याचा जास्त आला. गवत हाताने काढावं लागतं, तेही दाट रोपात, बसून. घरात दोन माणसं त्यासाठी मोकळी नसतील तर मी आग्रह करणार नाही.

बियाण्याचं थोडक्यात: कांद्याचं बी वर्षभरातच जोर सोडतं. डब्यात उरलेलं मागच्या सालचं उळं टाकू नये. नवं असलं तरी शंभर दाणे ओल्या कापडात गुंडाळून बघावेत. सत्तरच्या खाली उगवले तर वाफा अडवण्यात अर्थ नाही. घरचं बी धरायचं तर चाळीत शेवटपर्यंत टिकलेले, एका मानेचे, सारख्या रंगाचे गोट, म्हणजे बियाण्यासाठीचे कांदे, निवडायचे. पण शेजारी दुसऱ्या वाणाचे डेंगळे फुलले असतील तर मधमाशी बांध बघत नाही, म्हणून खात्री नसेल तर चितेगावच्या किंवा राजगुरुनगरच्या कांदा संशोधन केंद्राचं बी बरं.

फोकून, म्हणजे हाताने बी विखरून, किंवा यंत्राने थेट पेरणीचं बरेच जण विचारतात. लावणीची मजुरी वाचते हे खरं, पण विरळणी आणि तण यांत ती परत जाते असा माझा अनुभव. हलक्या, स्वच्छ जमिनीत कुणाला जमत असेल.

बागवाल्याने किंवा पावसाने रोप गेलेल्याने तयार रोप जरूर घ्यावं, फक्त उपटलेलं घेऊ नये. जवळच्या गावात उभे वाफे बघावेत, चार ठिकाणची रोपं स्वतः उपटून मान किती जाड आहे ते पाहावं, वाफ्यावर सौदा करून इसार द्यावा आणि टोळी आपल्या बांधावर पोचल्यावरच आपल्या माणसांकडून उपटून घ्यावं. विकणारा याला तयार नसेल, त्याला वाफे लगेच मोकळे हवे असतील, तर दुसरा बघावा. आणि ज्याच्याकडे कोजागिरीनंतर पाच गुंठे मोकळे आहेत, त्याने उळं घरीच टाकावं.