वंशवृक्ष काढावा की वंशजाळं?

जनुकांचे अनुक्रम (डीएनएतल्या अक्षरांच्या ओळी) जुळवून झाले, आता जीवांची नाती दाखवायला आकृती कोणती काढायची अशा टप्प्यावर असाल, तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. निवड दोघांतली नाही, तिघांतली आहे. एक वंशवृक्ष, आणि 'नेटवर्क' या एकाच नावाने वावरणारी दोन अगदी वेगळी जाळी. त्यातलं एक तुमच्या माहितीतली विसंगती दाखवतं, दुसरं प्रत्यक्ष इतिहास सांगायचा दावा करतं. दोघांची गल्लत झाली की निबंध परीक्षकाकडून साभार परत येतो. माझा आला होता.

वृक्षाचं गृहीतक एकच: फांदी फुटली की पुन्हा जुळायची नाही. पुष्कळ ठिकाणी ते चालून जातं. साधनं मुरलेली आहेत, वाचणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पण ब्रेडच्या गव्हाला हे गृहीतक लावून बघा. त्याच्या 42 गुणसूत्रांत तीन वेगवेगळ्या गवतांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, एकत्र आलेले आहेत. त्याला झाडावर नेमकं कुठे टांगणार? इन्फ्लुएन्झाचा विषाणूही तसाच. त्याच्या जीनोमचे 8 तुकडे, आणि एकाच पेशीत दोन वाण शिरले की त्यांची सरमिसळ होते. प्रत्येक तुकड्याचं झाड निराळं निघतं.

बूटस्ट्रॅपच्या आकड्यावरही फार विसंबू नका (माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने उचलून झाड काढलं, तर शंभरातून किती वेळा तीच फांदी येते, तो हा आकडा). सगळी जनुकं एकापुढे एक जोडून झाड काढलं की जवळजवळ प्रत्येक फांदीवर 100 दिसतो. तेवढ्यावरून सगळी जनुकं एकमताने बोलतात असं होत नाही. माहिती भरपूर असली की बहुमताचा आवाज मोठा होतो, इतकंच.

आता पहिलं जाळं, म्हणजे स्प्लिट नेटवर्क. ते काढायची नेबरनेट ही पद्धत स्प्लिट्सट्री या प्रोग्रॅममध्ये मिळते, आणि काही डझन नमुन्यांचं काम साध्या लॅपटॉपवर चटकन होतं. आत काय चालतं ते चार नमुन्यांवर पाहू. क, ख, ग, घ यांच्यातल्या अंतरांच्या, म्हणजे अनुक्रमांतल्या फरकांच्या, तीन जोडबेरजा करा (कख म्हणजे क आणि ख यांच्यातलं अंतर). समजा कख+गघ = 10, कग+खघ = 13 आणि कघ+खग = 15 आली. माहिती तंतोतंत झाडासारखी असती तर मोठ्या दोन बेरजा सारख्या निघाल्या असत्या. इथे 13 आणि 15 आहेत, म्हणून मधल्या फांदीच्या जागी चौकट उमटते. तिची एक बाजू (15−10)/2, म्हणजे 2.5. दुसरी (15−13)/2, म्हणजे 1. लांब बाजू सांगते की क-ख एकीकडे आणि ग-घ दुसरीकडे. आखूड बाजू विरोधी सूर लावते: नाही, क-ग एकत्र.

हा 1 आला कुठून? संकरातून आला असेल, दोन वंशांत योगायोगाने सारखेच बदल झाल्यामुळे असेल, नाहीतर अनुक्रम जुळवतानाच्या चुकीमुळे. चौकट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. तिचे कोपरे म्हणजे पूर्वज नव्हेत, आणि कडांना काळाची दिशाही नसते. माझ्या आकृतीत मी एका कोपऱ्यावर ऐटीत 'संकरित पूर्वज' असं लिहिलं होतं.

दुसरं जाळं मात्र खरोखर इतिहास मांडतं. त्याला मूळ असतं, काळाची दिशा असते, आणि दोन फांद्या मिळून जिथे एक वंश होतो तिथे कोणाचा वाटा किती, हेही दिलेलं असतं. फायलोनेट आणि स्नॅक ही त्यासाठीची साधनं. अनुक्रमांवरून थेट नव्हे, तर शेकडो जनुकांच्या वेगवेगळ्या झाडांवरून हे काम सहसा करतात. कारण नुसता मतभेद संकराचा पुरावा ठरत नाही. माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांचंच घ्या. जीनोमच्या सुमारे 30% भागात गोरिला त्या दोघांपैकी एकाला अधिक जवळचा निघतो. पूर्वजांच्या लोकसंख्येतली जुनी विविधता प्रजाती फुटताना अर्धवट वाटली गेली, एवढ्यानेही असं होऊ शकतं.

मतभेद संकरामुळे आहे की नुसत्या जुन्या विविधतेमुळे, हा फरक ओळखायची खूण सोपी आहे. तीन प्रजाती आणि 1000 जनुकं घ्या. तीन प्रजातींची झाडं तीनच प्रकारची होऊ शकतात; 600 जनुकं एक झाड दाखवतात आणि उरलेली दोन झाडं 200-200 अशी सारखी आली, तर वृक्ष पुरेसा आहे. नेटवर्कचा मोह आवरा. तीच 320 आणि 80 अशी आली तर कुठेतरी जनुकं इकडून तिकडे गेली असावीत. नीअँडरथल आणि आधुनिक मानव यांच्या संकराचा 2010 मधला जीनोम-पुरावा अशाच असमतोलावर उभा होता. पूर्वजांची लोकसंख्या आधीपासून गटांत विभागलेली असली तरी असमतोल येतो, त्यामुळे तिथेही डोळे झाकून निष्कर्ष काढू नये.

या जाळ्याची किंमत वेळेत मोजावी लागते. फायलोनेटची संपूर्ण लाइकलिहूड पद्धत (हाती आलेली माहिती कोणत्या जाळ्यातून येण्याची शक्यता किती, ते मोजणारी) दहाएक प्रजातींच्या पुढे रडकुंडीला आणते. स्नॅक अधिक प्रजाती झेपवतो, पण संकराची वर्तुळं (फांद्या फुटून पुन्हा जुळल्याने होणारी) एकमेकांत अडकलेली नसावीत ही त्याची अट.

माझा सल्ला विचाराल तर नेबरनेट पहिल्याच दिवशी काढा, निबंधासाठी नाही, स्वतःसाठी. दूषित नमुना किंवा चुकीचं लेबल बऱ्याचदा तिथेच पकडलं जातं. चौकटी चिंचोळ्या असतील तर वृक्ष काढा आणि किती जनुकं कोणत्या फांदीच्या बाजूने आहेत ते शेजारी लिहा. इतिहासाच्या जाळ्यात उतरायचं ते 'या वंशात त्या वंशाची जनुकं आली का?' असा नेमका प्रश्न हातात असेल तरच. आणि उतरलात तर संकराचे दुवे शून्यापासून एकेक वाढवत न्या. दुवा वाढवला की गुण, म्हणजे जाळं माहितीशी किती जुळतं त्याचा आकडा, थोडेफार सुधारतातच. सुधारणा एकदम मंदावते तिथे थांबा.