वालपराईतील सिंहपुच्छ माकडांची पायी फेरी : एक अभिप्राय

पोल्लाचीहून आळियार धरणाजवळून चाळीस वळणांचा घाट चढून तमिळनाडूतील वालपराई या डोंगरी गावाला जाणाऱ्या अनेकांना सिंहपुच्छ माकड पाहायचे असते, आणि ते त्यांना बहुधा दिसतेही. आम्ही पाच जणांनी तेथील एका स्थानिक वाटाड्याबरोबर अर्ध्या दिवसाची पायी फेरी केली. तिचा खरा गुण हा की, प्राणी सहज दिसतो याचा अर्थ तो सुखरूप आहे असा होत नाही, हे वाटाड्याने आम्हांला समोरच्या रानातच पटवून दिले.

वालपराईजवळच्या पुदुतोट्टम या रानाच्या तुकड्यालगतच्या रस्त्यावर पहिला अर्धा तास त्याने माकडांऐवजी झाडेच दाखवली. आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर काढणारा हा प्राणी कलेनिया या रानझाडाच्या काटेरी फळांवर, फणसावर आणि किड्यांवर जगतो; पण चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या येथील शंभर हेक्टरांहूनही लहान तुकड्यात फांदीला फांदी जिथे भिडत नाही, तिथे त्याला जमिनीवर उतरून डांबरी रस्ता ओलांडावा लागतो आणि गाडीखाली सापडण्याचा धोका पत्करावा लागतो. नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन या वन्यजीव संवर्धन संस्थेने रस्त्यावर झाडांमधून टांगलेले पूल आणि वाहने हळू करायला लावणारे राखणदार हे दोन्ही उपाय वाटाड्याने थांबून नीट समजावले.

जगात हे माकड केवळ केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकातील पश्चिम घाटात आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत (धोक्यातील जीवांच्या यादीत) ते 'संकटग्रस्त' वर्गात असून प्रौढ प्राण्यांची संख्या सुमारे २,५०० मानली जाते. मादीला पहिले पिल्लू सहाव्या वर्षाच्या आसपास होते आणि पुढच्या पिल्लांमध्येही बरेच अंतर असते, त्यामुळे एकदा घटलेला कळप लवकर भरून निघत नाही. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे. केरळातील सायलेंट व्हॅली या खोऱ्यातील नियोजित धरणाला विरोध झाला तेव्हाही या माकडाचे नाव पुढे होते, आणि १९८४ मध्ये ते खोरे राष्ट्रीय उद्यान झाले. (नावातील सिंह आयाळीमुळे नव्हे, शेपटीच्या टोकावरील गोंड्यामुळे आला आहे; चेहऱ्याभोवतीची रुपेरी आयाळ पाहून आधी आमचाही तो आयाळीमुळे आला असा समज झाला होता.)

उणिवाही सांगायला हव्यात. पाच जणांत एकच दुर्बीण होती, आणि दिलेले माहितीपत्रक केवळ तमिळ व इंग्रजीत होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे आम्ही वेगळी ठरवलेल्या गाडीच्या चालकाने फोटोसाठी माकडांना बिस्किटे टाकायला सुचवले. माणसाच्या अन्नाची चटक लागलेली माकडे घरांच्या स्वयंपाकघरांत शिरू लागतात आणि त्यांच्याविषयीचा राग वाढतो, म्हणून वाटाड्याने चालकाला तिथल्या तिथे थांबवले, हे मला फार मोलाचे वाटले.

शेवटी एक कळप रस्ता ओलांडू लागला. तीन माद्यांच्या पोटाशी पिल्ले होती. वाटाड्याने आम्हांला वीस मिनिटे दूर रोखून धरले आणि त्यामुळे आमच्या हाती चांगले छायाचित्र लागले नाही; तरीही पुढच्या वेळी मी याच वाटाड्याला बोलावणार आहे, फक्त दुर्बीण घरची नेईन आणि जळवांचा पावसाळा टाळेन.