छपरावरचा बर्फ: राहू द्यायचा, स्वतः ओढायचा की माणसं बोलवायची?

न्यू इंग्लंडमध्ये घर असेल तर फेब्रुवारीपर्यंत हा प्रश्न एकदा तरी पडतोच. बॉस्टनमध्ये २०१४-१५ च्या हिवाळ्यात जवळपास ११० इंच बर्फ पडला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये बरीच छपरं खाली आली. पण बर्फ किती इंच साचलाय, यावरून फारसं कळत नाही. ताजा भुरभुरीत बर्फ १० ते १२ इंच साचला, तर चौरस फुटाला साधारण ५ पौंड होतात. दबून बसलेल्या जुन्या बर्फाचे तेवढेच पौंड ३ ते ५ इंचांत भरतात आणि कडक आइसचे तर एकाच इंचात. धडधाकट घराचं छप्पर चौरस फुटाला निदान २० पौंड पेलेल, असं धरून चालतात. म्हणजे ताजा चार फूट एकवेळ चालेल, जुना दोन फूट धोक्याचा.

तुमच्या गावात छपराने किती भार पेलायला हवा, तो आकडा टाउनच्या बिल्डिंग खात्यात मिळतो. तो जमिनीवरच्या बर्फाचा असेल, तर साध्या घराच्या सपाट छपरासाठी त्याचे ७० टक्के धरा.

आता वजन. डेकवर, वाऱ्याने ढीग न झालेल्या जागी, १२ बाय १२ इंचांचा चौकोन फावड्याने तळापर्यंत कापा. सगळा बर्फ बादलीत भरा आणि भारतवारीच्या बॅगा मोजायचा हातकाटा बादलीला अडकवा. बादलीचं वजन वजा करून उरतील तेवढे पौंड प्रति चौरस फूट. काटा किलोत असेल तर २.२ ने गुणा. अंदाजच हा, पण नुसत्या नजरेपेक्षा बरा.

१०-१२ पौंडांच्या आत आहे, उतार चांगला आहे, पाऊस येणार नाही? राहू द्या. उगाच खरवडून शिंगल्स (छपरावरचे पातळ तुकडे) खराब होतात. मात्र बर्फावर पाऊस पडणार असेल तर हिशोब बदलतो: बर्फ पाणी धरून ठेवतो आणि मुरलेल्या प्रत्येक इंच पाण्यामागे ५ पौंड वाढतात.

१५ च्या पुढे गेलं आणि घर एकमजली असेल, तर रूफ रेक, म्हणजे छपरावरचा बर्फ ओढायचं लांब दांड्याचं अवजार. जमिनीवर उभं राहूनच वापरायचा, शिडीवरून कधीच नाही. वळचणीपासून सुरुवात करून थोडा थोडा ओढा, आढ्यापासून एकदम ओढलात तर सगळा लोंढा अंगावर येतो. शेवटचे दोन-तीन इंच राहू द्या. एकच बाजू पूर्ण साफ करून दुसरी भरलेली ठेवू नका, वाशांवर एकतर्फी भार येतो. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा विजेच्या तारांपासून लांब ठेवा. आणि खाली पडलेल्या बर्फाने फर्नेसचा (घर तापवणाऱ्या भट्टीचा) भिंतीतला व्हेंट बुजला नाही ना, ते लगेच बघा. तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येऊ शकतो.

दुमजली घर, सपाट छपराची एक्स्टेन्शन किंवा उंच भिंतीला टेकलेलं बुटकं छप्पर असेल, तर रेकने भागत नाही. तिथे माणसं बोलवाच. या बुटक्या छपराकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. वारा वरचा बर्फ उडवून त्या कोपऱ्यात आणतो, त्यामुळे बाकी छपरावर फूटभर असताना तिथे तीन फूट असू शकतो. नमुना डेकवरचा असेल तर हा भार त्यात दिसतच नाही. बोलावण्याआधी विम्याचा कागद मागा, त्यात कामगारांचा विमाही हवा. फावडी प्लॅस्टिकची, कमरेला दोर, आणि छपरावरच ढीग करत बसायचं नाही: उचललेला बर्फ थेट खाली. ढीग आणि त्याशेजारी दोन माणसं, एवढा भार एकाच जागी आला की आधीच थकलेला वासा मोडतो.

वरच्या मजल्यावरची दारं अचानक घट्ट बसायला लागली, छताला नवी भेग गेली, ते मधोमध झुकलं किंवा कडकड आवाज आला, तर रेक, फावडी सगळं विसरा. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून ९११ ला फोन करा.