मला वाटलं तो गावचा, गावाला वाटलं तो माझा

झाडीपट्टीत पहिल्यांदाच नाटक पाहायला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे. माझे १२,००० रुपये गेले, आणि त्यातले ९,००० माझे नव्हतेच. पण पैशापेक्षा जास्त बोचतं ते वेगळंच. एका चांगल्या घराच्या उंबरठ्यावर मी स्वतः एका लबाड माणसाला सोबत घेऊन गेलो.

मी वाशीम जिल्ह्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. यात्रा-जत्रांचा नाद जुना. बहिरमच्या यात्रेत हंडीतलं मटण आणि रोडगे खाल्लेत, महाशिवरात्रीला मार्कंड्याला वैनगंगेत डुबकी मारली आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत गर्दीचे धक्के खाल्लेत. एवढ्या वर्षांत अनोळखी माणसांनी मला जागा दिली, पाणी दिलं, एकदा तर मी तापात असताना रात्र उशाशी बसून काढली. त्यामुळे अनोळखी माणसाबरोबर बोलायला मी कधी बिचकलो नाही. आजही बिचकू नये असंच वाटतं. फक्त त्या रात्री नेमकं काय झालं ते नीट समजून घ्या.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. दिवाळी आटोपली, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे तिकडची जत्रा, भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. बहुतेक कंपन्यांची कार्यालयं वडशाला, म्हणजे देसाईगंजला. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं. या रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या शाळेतही त्यावर बोलणं झालं होतं आणि तेव्हापासूनच एकदा जायचं हे मनात होतं. शहरात रात्री अकराला दुकानांची शटरं पडतात. इथे अकराला पडदा उघडतो आणि पहाटे चार-पाचला पडतो. तोवर गावात कोणी झोपत नाही. पुढे खुर्च्या, मागे जमीन, पोरं आईच्या मांडीवर, म्हाताऱ्या ब्लँकेट गुंडाळून. वाघाची भीती असल्यामुळे मधेच उठून एकटा कोणी घरी जात नाही.

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याची सासुरवाडी ब्रह्मपुरी तालुक्यातली. डिसेंबरातल्या एका शनिवारी तिथे दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक होतं. त्याला सुट्टी मिळाली नाही. तो म्हणाला, तुम्ही जा, माझ्या साळ्याकडे उतरा, मी फोन करून ठेवतो. तिकडचा नवा एचएमटी तांदूळ आणायचा म्हणून शेजारच्या तीन घरांनी माझ्याकडे प्रत्येकी ३,००० रुपये दिले आणि माझे ३,००० मी घातले. हे वाण नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेलं, हे मी मुलांना वर्गात सांगत आलो आहे. गावात रेंज नसते असं ऐकलं होतं म्हणून सगळे पैसे रोख घेतले.

नागपूरहून उमरेड, भिवापूर करत एसटी नागभीडला थांबली. चहाच्या टपरीवर तो भेटला. पन्नाशीचा, पांढरा पायजमा, खांद्यावर पंचा, हातात कापडी पिशवी. "कोठी चालले जी?" म्हणाला. मी सगळं सांगितलं. गाव सांगितलं, कोणाकडे उतरणार ते नाव सांगितलं, मी त्यांना अजून पाहिलेलं नाही हेही सांगितलं. तांदळाचं सांगितलं आणि त्यासाठी पैसे रोख आणलेत हेही बोलून गेलो. त्याने काही विचारलंच नाही. मीच बोलत होतो. नाव ऐकल्यावर तो हसून म्हणाला, "अरे, थे तं आमचेच पाहुणे. मी बी तिकडंच चाललो." चहाचे पैसे त्याने दिले. पुढच्या बसचं तिकीटही त्यानेच काढलं, माझा हात धरून मागे सारला.

यजमानांच्या दारात आम्ही दोघं सोबतच पोहोचलो. घरात पंचवीस-तीस पाहुणे. तिकडे नाटकाच्या निमित्ताने सगळं गणगोत जमतं, लग्नं जुळतात, रुसवे निघतात. यजमान मंडळाच्या कामात, डोक्याला रुमाल बांधून धावपळीत. "या जी गुरुजी, या," म्हणत त्यांनी दोघांच्या पायावर पाणी घातलं. तो सरळ आत गेला, म्हातारीच्या पाया पडला, "कशी हायेस मावशी" म्हणाला. म्हातारीला नीट दिसत नाही. तिने डोक्यावरून हात फिरवला. मी मनात म्हटलं, घरचाच माणूस दिसतो.

दुपारी पट पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरात परवानगी दिली तेव्हापासून गावोगावचे पट पुन्हा भरू लागलेत. कोणत्या जोडीचा कोणता बैल उजवा, धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, कोण, तो मला भराभर सांगत होता. खरं होतं की खोटं, मला काय कळणार? मी वऱ्हाडातला, सोयाबीन-तुरीतला माणूस.

संध्याकाळी जेवताना एक गोष्ट घडली, ती आता रोज आठवते. तांदळाच्या पिठाची भाकर, देशी कोंबडीचा रस्सा, लाखोळीच्या डाळीचे वडे असं पान होतं. वाढताना यजमानांच्या पत्नीने मला विचारलं, "तुमच्या संगच्या सरायले रस्सा तिखट तं नाई ना होत?" मला वाटलं, बाईंचा बोलण्यात गोंधळ झाला, घरच्या पाहुण्याला त्या सर कशाला म्हणतील. मी फक्त हसलो. तिथेच विचारलं असतं, "हे माझ्या संगचे नाहीत, तुमचे ना?" तर सगळं त्या पंगतीतच उघडं पडलं असतं.

नाटक सुरू झालं. नांदी झाली, ऑर्गन आणि तबला असा लागला की थंडी विसरलो. नाटकाबद्दल इथे जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की दुसऱ्या अंकात मुलगी बापाचं घर सोडून निघते तेव्हा माझ्या बाजूला बसलेला हाच माणूस पंच्याने डोळे पुसत होता.

तीनच्या सुमारास त्याचा फोन वाजला. तो मोठ्याने बोलला, उठला, परत बसला, डोकं धरलं. भाच्याचा ट्रॅक्टर उलटला, ब्रह्मपुरीला दवाखान्यात नेलं, रोख पैसे मागताहेत असं म्हणाला. "गुरुजी, खात्यात हाये माह्या, पण एटीएम इथं कोठून? तुम्ही रोख द्या, मी आत्ताच तुमच्या फोनवर टाकतो." माझा नंबर घेतला, माझ्या डोळ्यांसमोर आकडा घातला, १२,०००. पडद्यावर माझं नाव आलं, पैसे गेल्याची हिरवी टिकली, म्हणजे बरोबरची खूण, आली, तारीख-वेळ आली. मी पैसे काढून दिले. त्याने माझे दोन्ही हात कपाळाला लावले. मंडपाबाहेर एक मोटारसायकल उभी होती, तिच्यावर बसून तो गेला.

आता मी काय पाहिलं नाही ते सांगतो. त्या मंडपात बोलणं होत होतं, फोन लागत होते, पण इंटरनेट अजिबात नव्हतं. संध्याकाळी सातपासून माझ्या फोनवर घरचा एक फोटोसुद्धा उघडला नव्हता. माझ्या फोनवर काहीच चालत नसताना त्याचे पैसे मात्र एका क्षणात गेले. बँकेचा संदेश आला नाही तेव्हा मी स्वतःलाच समजावलं, रेंज नाही, उशिरा येईल. म्हणजे ज्या कारणासाठी शंका यायला हवी होती, त्याच कारणाने मी शंका गिळली. तो पडदा पैसे पाठवणाऱ्या खऱ्या ॲपचा नव्हता. हुबेहूब तसंच दिसणारं नकली ॲप मिळतं, त्यात नाव आणि आकडा हाताने टाकला की टिकली येते. पैसा कुठेच हलत नाही. समोरच्याचा पडदा हा पुरावाच नाही. आपल्या खात्यात शिल्लक वाढली का, एवढंच पाहायचं, आणि ते पाहता येत नसेल तर रोख हातातून सोडायची नाही. दुसरी गोष्ट, ज्या गावात वाघाच्या भीतीने कोणी रात्री एकटं निघत नाही, तिथे बोलावणं आल्याच्या पाच मिनिटांत मोटारसायकल तयार कशी होती?

पाचला नाटक सुटलं. घरी चहा घेताना मी यजमानांना म्हणालो, "तुमच्या पाहुण्यांच्या भाच्याचं काही कळलं का?"

"कोनते पाहुणे जी?"

"माझ्यासोबत बसले होते ते."

यजमानांनी कप खाली ठेवला. "थे तं तुमच्यासंगं आले ना, गुरुजी? आमी समजलो, तुमच्या शाळेतले सर हायेत."

कोणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातून त्यांचे धाकटे जावई उठले. संध्याकाळी त्यांनीही त्याला ५,००० रोख दिले होते, तशीच टिकली पाहून. का दिले? कारण तो म्हणाला होता, "मी गुरुजींसोबत हाये." चौकातल्या पानठेल्यावर ३०० रुपयांची उधारी होती, तीही माझ्याच नावावर. जावयांनी माझ्याकडे पाहिलं ती नजर मी विसरणार नाही. ते म्हणाले, "यांची पिशवी पाहा." यजमान त्यांच्यावर ओरडले. पण जावयांचं काय चुकलं? मी स्वतःच पिशवी सगळ्यांसमोर रिकामी केली, शाळेचं ओळखपत्र दिलं, आणि सहा वाजता सहकाऱ्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्याने माझा आवाज ओळखला, मी कोण ते सांगितलं, तेव्हा कुठे घरातली हवा सैल झाली. बावीस वर्षं शिकवतो आहे, माझी झडती कधी झाली नव्हती.

त्याची सगळी युक्ती या एकाच गोष्टीवर उभी होती. मला वाटलं तो गावचा, गावाला वाटलं तो माझा. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही, कारण पाहुण्याबद्दल असं विचारणं आपल्याकडे वाईट दिसतं. माझ्या भोळेपणापेक्षाही त्याने त्या घराचं अगत्य जास्त वापरलं, याचा मला राग आहे. हे अगत्य टिकावं म्हणून तरी एवढं करा. कोणी वाटेत सोबत झाला आणि "तिथलाच आहे" म्हणाला, तर यजमानांच्या दारात, त्याच्या देखत, हसत विचारा: "हे आपले कोण?" ओळख खरी असेल तर त्यात कोणाला राग येत नाही. आणि आपण कुठे उतरणार, कोणाला पाहिलेलं नाही, जवळ रोख किती, या तीन गोष्टी चहाच्या टपरीवर बोलू नका.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणत, ते आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, त्याखाली तक्रार लिहून घेतली. १९३० या सायबर मदत क्रमांकाचं मी विचारलं. ते म्हणाले, पैसा खात्यातून गेला असता तर तिथे लगेच सांगून पुढचं खातं गोठवण्याची आशा असते, हातातून रोख गेली तिला माग नसतो. त्याने दिलेला मोबाइल नंबर बंद लागला. अजून बंदच आहे.

शेजारच्या तिन्ही घरांचे ९,००० मी पगारातून परत केले. एकाने घेतले नाहीत, मी बळेच दिले. जावयांच्या ५,००० बद्दल बोललो तर ते म्हणाले, "तुमचा काय दोष जी." मला मात्र अजून चैन पडत नाही.

महिनाभराने यजमानांच्या मुलाचा फोन आला. गावात दुसरं नाटक झालं, त्या वेळी नांदीच्या आधी मंडळाने माइकवरून सांगितलं म्हणे, की अनोळखी माणसाला टिकली पाहून रोख देऊ नका, आपल्याकडे असं झालं आहे. माझं नाव घेतलं नाही. मग तो म्हणाला, "काका, पुढच्या मंडईले येजा. आजी आठवण काढते." मी हो म्हटलं. फोन ठेवता ठेवता तो थोडा थांबला.

"आन् संगं कोनी असन, तं बाबाले अगोदर सांगून ठेवजा जी."