जिनिंगच्या फाटकावरचा फोन आणि ग्रँडस्ट्रीम एचटी८१३

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये लँडलाइन अजूनही कामाची आहे. दसऱ्यानंतर गाड्या सुरू झाल्या की गावोगावचे शेतकरी त्याच जुन्या नंबरावर विचारतात, "भाऊ, आज काय भावानं घेऊन राह्यले?" हा फोन ऑफिस, वजनकाटा आणि फाटक, तिन्हीकडे वाजावा म्हणून ग्रँडस्ट्रीम कंपनीचा एचटी८१३ घेतला, म्हणजे लँडलाइनला इंटरनेटवर चालणाऱ्या फोनांशी जोडणारा डबा. यात लँडलाइनसाठी एक एफएक्सओ पोर्ट आणि साध्या फोनसाठी एक एफएक्सएस पोर्ट आहे; त्यावर फाटकावरचा फोन. बाकीचे फोन ऑफिसातल्या छोट्या पीबीएक्सवर, म्हणजे आतल्या फोनांच्या एक्सचेंजवर.

डबा उत्तम आहे. पण डायल प्लॅन, म्हणजे दाबलेले आकडे कसे लावायचे याचे नियम, आपल्या नंबरांप्रमाणे लिहिला तरच. मूळ प्लॅन कितीही आकडे घेतो आणि नंबर संपला की नाही ते कळायला ४ सेकंद थांबतो. १०८ लावणाऱ्याला ते ४ सेकंद फार वाटतात, म्हणून ११२ आणि १०८ प्लॅनमध्ये पूर्ण लिहिले. शेवटचा आकडा दाबला की फोन लगेच निघतो. लँडलाइनवरून मोबाइलला १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लागतो. त्यासाठी ६ ते ९ ने सुरू होणाऱ्या दहा आकड्यांना शून्य आपोआप जोडायचा नियम टाकला. एक्स्टेन्शन, म्हणजे आतल्या फोनांचे नंबर, मात्र २०१, २०२ असे देऊ नका. आपल्याकडचे सहा आकडी लँडलाइन नंबर २ ने सुरू होतात, मग दोन्हींची गल्लत होते. आमचे ४०१ पासून आहेत.

सर्वात आधी, समोरच्यानं फोन ठेवला हे डबा ज्यावरून ओळखतो, तो टोन बदला. मूळ सेटिंग अमेरिकेचं आहे; आपला एंगेज टोन ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. हे जुळलं नाही, तर समोरच्यानं फोन ठेवला तरी लाइन अडकून राहू शकते. सेटिंग्ज तीन वेगवेगळ्या पानांवर विखुरल्यात, येणारा फोन पीबीएक्सकडे वळवण्याचा पर्याय तर बेसिक सेटिंग्जमध्ये. हे मला पटलं नाही. शिवाय बाहेरचा कॉल एका वेळी एकच.

तरी घ्या म्हणेन, कारण लाइट गेली की लँडलाइन थेट फाटकावरच्या फोनला जोडली जाते. राउटर, पीबीएक्स सगळं बंद, तरी तो वाजतो. फक्त तेव्हा प्लॅन चालत नाही. मोबाइल लावायचा तर शून्य हातानंच दाबावा लागतो, तेवढं फाटकावरच्या मामांना सांगून ठेवलंय.